ओपन हार्डवेअरवर स्वतःचं प्रायव्हेट ५जी नेटवर्क: सारखे विचारले जाणारे प्रश्न

कारखाना, गोदाम, खाण, कॉलेजची लॅब अशा ठिकाणी स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं करायचं डोक्यात असलेल्यांसाठी हे पान आहे. थोडंफार नेटवर्किंग येतं असं धरूनच लिहिलंय. हँडसेट, टॉवर, ऑपरेटर एवढंच माहीत असेल तरी चालेल, फक्त सावकाश वाचा.

"ओपन" म्हणतात ते नक्की काय ओपन असतं?

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सेल्सवाले तिन्हींना एकाच नावाने खपवतात, त्यामुळे आधी हे नीट घ्या. पहिली, ओपन इंटरफेस: एका कंपनीचा रेडिओ आणि दुसऱ्या कंपनीचं बेसबँड (सिग्नलवर प्रक्रिया करणारा भाग) यांचं आपसात बोलणं ठरलेल्या, छापील नियमाने होतं. हे काम ओ-रान अलायन्सचं (रान म्हणजे मोबाइल नेटवर्कची रेडिओची बाजू), जी २०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइच टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या ऑपरेटरांनी मिळून सुरू केली. दुसरी, ओपन सोर्स सॉफ्टवेअर: कोअर (नेटवर्कचा मेंदू, सिम ओळखणारा आणि डेटा पुढे धाडणारा) आणि बेस स्टेशनचा कोड तुम्हाला डाउनलोड करता येतो. तिसरी म्हणजे खरं ओपन हार्डवेअर, ज्यात सर्किटची ड्रॉइंग, पार्ट लिस्ट, एफपीजीए या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचा कोड सगळं उघडं असतं आणि कोणीही बोर्ड बनवून घेऊ शकतो.

बाजारात "ओपन रान रेडिओ" म्हणून जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा फक्त पहिल्या अर्थाने ओपन असतो, आतलं ड्रॉइंग कोणी देत नाही. माझ्या मते कारखान्याला त्याने फारसं बिघडत नाही. तुम्ही काय पॉवर अँप्लिफायर स्वतः सोल्डर करणार आहात का? डबा बिघडला, कंपनी बंद पडली किंवा पुढच्या वर्षी भाव दुप्पट झाला तर दुसऱ्याचा डबा आणून लावता येईल का, एवढंच बघायचं.

मग आतून-बाहेरून पूर्ण ओपन असा रेडिओ नाहीच का?

प्रयत्न झालेत. फेसबुकने जुलै २०१६ मध्ये ओपनसेल्युलर जाहीर केलं, चपलांच्या खोक्याएवढा बेस स्टेशनचा डबा, १० किलोमीटरपर्यंत १५०० माणसांना पुरेल असा दावा, आणि डिझाइन टेलिकॉम इन्फ्रा प्रोजेक्टमधून सगळ्यांना खुलं. मग २०२० मध्ये ईव्हनस्टार आलं, स्वस्त रेडिओ युनिटचं रेफरन्स डिझाइन. पण २०२२ च्या शेवटी फेसबुकने (आता मेटा) हे काम करणारा कनेक्टिव्हिटी विभागच बंद केला. ड्रॉइंग उघडं असलं तरी ते सांभाळणारी माणसं लागतात, नवीन चिप आली की बोर्ड बदलावा लागतो, जुना पार्ट मिळेनासा झाला की पर्याय शोधावा लागतो, आणि हे काम कोणी फुकट वर्षानुवर्षं करत नाही.

लहान पॉवरचं मात्र बरंच काही आहे, एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ बोर्ड. लाइमएसडीआरची बोर्ड डिझाइन खुली आहेत, २०१६ मध्ये क्राउडफंडिंगवर आलं होतं. एट्टसच्या यूएसआरपी बी२१० चं सर्किट डायग्राम आणि एफपीजीएचा कोड उघडा आहे. तरीही दोन्हींच्या मधोमध बसलेली रेडिओ चिप बंदच आहे, बी२१० मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी९३६१ आणि लाइममध्ये एलएमएस७००२एम. सिलिकॉनपर्यंत सगळं उघडं पाहिजे असा हट्ट असेल तर वाट बघत बसा.

कारखान्यात वायफाय आहे की, हे कशाला?

वायफायने काम भागत असेल तर वायफायच ठेवा, हे अगदी मनापासून सांगतोय. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्येच लायसन्समुक्त झालाय, अ‍ॅक्सेस पॉइंट स्वस्त आहेत, गावातला कोणीही पोरगा लावून देतो.

५जी लागतं ते गाड्या हलायला लागल्या की. एजीव्ही (माल वाहणारी बिनड्रायव्हरची गाडी) एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना लटकते, सेफ्टी टायमर उडतो, गाडी मधेच उभी राहते आणि मागे सगळी लाइन. वायफायमध्ये कुठे उडी मारायची हे डिव्हाइस ठरवतं आणि हवेत जागा मिळवायला सगळे एकमेकांशी भांडतात. ५जीत दोन्ही गोष्टी बेस स्टेशन ठरवतं, कोणी कधी बोलायचं त्याचं टाइमटेबल तेच काढतं. शिवाय मोठं उघडं यार्ड असेल, कंटेनर डेपो असेल तर वायफायचे चाळीस खांब लावण्यापेक्षा तीन-चार रेडिओत भागतं. आणि सिममुळे कोण आत येतंय यावर ताबा राहतो, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला सापडत नाही.

भारतात हे कायदेशीर आहे का? सरळ आणून लावलं तर?

सरळ आणून लावलं तर बेकायदेशीर. लायसन्स लागणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ते न घेता ट्रान्समिट करणं हा गुन्हा आहे, पॉवर कितीही कमी असो, आणि "आमच्याच आवारात आहे" हे उत्तर चालत नाही.

कायदेशीर रस्ता आहे. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं काढली, लोक त्याला सीएनपीएन म्हणतात. त्यात लायसन्स १० वर्षांचं, अर्जाची फी ५० हजार, एन्ट्री फी नाही, वार्षिक लायसन्स फी नाही असं ठरलं होतं. वाचायला एकदम सोपं वाटतं. घोडं अडतं ते स्पेक्ट्रमवर, म्हणजे वापरायला मिळणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर.

मार्ग चार आहेत. ऑपरेटर त्याच्या पब्लिक नेटवर्कमधलाच एक स्लाइस, म्हणजे राखीव वाटा, तुम्हाला देतो. किंवा तोच तुमच्या आवारात वेगळं नेटवर्क उभं करून देतो, त्याच्या स्पेक्ट्रमवर. किंवा तुम्ही सीएनपीएन लायसन्स घेऊन ऑपरेटरकडून स्पेक्ट्रम लीजवर घेता आणि नेटवर्क स्वतःचं लावता. चौथा मार्ग म्हणजे सरकारकडून थेट स्पेक्ट्रम. ओपन हार्डवेअरवाल्यांना खरा रस तिसऱ्या आणि चौथ्यात, कारण पहिल्या दोनात डबा कुठला हे ऑपरेटरच ठरवणार. चौथ्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये विभागाने मागणीचा अंदाज घ्यायला सुरुवात केली, तीही १०० कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना धरून, आणि ऑपरेटरांच्या संघटनेने थेट वाटपाला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं, आम्ही लिलावात पैसे मोजले आणि हे फुकटात घेणार. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, पण त्यामुळे पाचशे कामगारांच्या कारखान्याची दारं बंद होतात हेही तितकंच खरं.

अदानी समूहाचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२२ च्या लिलावात त्यांच्या कंपनीने २६ गिगाहर्ट्झमधलं ४०० मेगाहर्ट्झ २१२ कोटींना घेतलं, बंदरं-विमानतळांवर स्वतःच्या वापराला म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये तेच स्पेक्ट्रम एअरटेलला देण्याचा करार झाला. एवढ्या मोठ्या घरालाही स्पेक्ट्रम स्वतःकडे धरून बसणं जमलं नाही, यातून काय ते समजा.

आणखी एक अट लोक विसरतात: सीएनपीएन पब्लिक नेटवर्कला जोडता येत नाही. म्हणजे त्या सिमवरून घरी फोन लागणार नाही. दोन प्लांट जोडायचे तर ऑपरेटरकडून लीज्ड लाइन घ्यायची.

बाहेरच्या देशात एवढं अवघड आहे का?

नाही, म्हणून तर ओपन हार्डवेअरचा बाजार तिकडे वाढला. अमेरिकेत सीबीआरएस नावाचा वाटून वापरायचा पट्टा आहे, ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ. पहिला हक्क नौदलाच्या रडारचा, मग लिलावात लायसन्स घेतलेल्यांचा, आणि उरलेलं सगळ्यांना फुकट. तुमचा रेडिओ इंटरनेटवरून एका सर्व्हरला सतत विचारत राहतो की मी चालू राहू का, आणि नाही म्हटलं तर मिनिटाभरात बंद व्हावं लागतं. २०२० चा लिलाव ४५८ कोटी डॉलरचा झाला, त्यात जॉन डियरसारख्या ट्रॅक्टर कंपनीनेही आपल्या कारखान्यांच्या काउंटीपुरती (तिकडचा जिल्हा) लायसन्स घेतली. त्याच जॉन डियरचा पुण्याजवळ सणसवाडीला प्लांट आहे, तिथे मात्र हा रस्ता नाही.

जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा १०० मेगाहर्ट्झ २०१९ पासून कारखान्यांसाठी वेगळा ठेवलाय. ब्रिटनमध्ये ३.८ ते ४.२ मध्ये लो पॉवरचं लायसन्स १० मेगाहर्ट्झला वर्षाला ८० पाउंड. जपानमध्येही लोकल ५जी नावाने वेगळा पट्टा आहे. जर्मनीत, ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी तिकडे हे करून बघायला काहीच हरकत नाही, कागदपत्रं खरंच सोपी आहेत.

शिकायला सुरुवात कशाने करू?

एक बी२१०, एक बऱ्यापैकी लिनक्स मशीन, दोन-चार प्रोग्रॅम करता येणारी सिम आणि एक ५जी स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी) चालणारा फोन. कोअर म्हणून ओपन५जीएस घ्या, तासाभरात उभा राहतो. दुसरा पर्याय तैवानच्या विद्यापीठातून आलेला फ्री५जीसी. रेडिओच्या बाजूला एसआरएसरान किंवा फ्रान्सच्या युरेकॉममधून आलेलं ओपनएअरइंटरफेस. संशोधन करायचं, आतला कोड बदलायचा असेल तर ओपनएअरइंटरफेस, आणि "आधी चालू तर होऊ दे" असं असेल तर एसआरएसरान, असं माझं साधं गणित आहे. बी२१० वर २० मेगाहर्ट्झपर्यंत नीट चालतं, त्याच्या पुढे यूएसबीची दमछाक होते आणि स्क्रीनवर लेट आणि अंडरफ्लोची रांग लागते.

लॅबमध्ये लायसन्सशिवाय टेस्ट करता येतं का?

हवेत सोडायचं नाही. एसडीआर आणि मोडेममध्ये केबल टाका, मधे ३० ते ४० डीबीचे अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे), अँटेना काढून ठेवा. हँडसेट वापरायचाच असेल तर शील्ड बॉक्स, म्हणजे सिग्नल बाहेर न सोडणारा धातूचा डबा. कॉलेज किंवा कंपनीच्या नावाने सरल संचार पोर्टलवर एक्सपेरिमेंटल लायसन्स काढा, रेडिएटिंग आणि नॉन-रेडिएटिंग असे वेगळे प्रकार आहेत. परदेशातून बोर्ड मागवायच्या आधी हे वाचा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं. मुंबईवाल्यांनी एक लक्षात घ्या, २०२२ मध्ये सुरू झालेल्या देशी ५जी टेस्टबेडमध्ये आयआयटी बॉम्बे आणि समीर ही मायक्रोवेव्ह संशोधन संस्था, दोन्ही आहेत, तिकडे विचारून बघा.

खऱ्या शॉपफ्लोरवर काय काय सामान लागतं?

एसडीआरवर कारखाना चालत नाही, त्याची पॉवर जेमतेम १० मिलिवॅटच्या आसपास. तिथे रेडिओ युनिट लागतं, आरयू. त्यात पॉवर अँप्लिफायर, फिल्टर, आणि बेसबँडचा खालचा थोडा भाग. आरयू फायबरने सर्व्हरला जोडलेला, सर्व्हरवर डीयू आणि सीयू हे बेस स्टेशनच्या उरलेल्या कामाचं सॉफ्टवेअर (डीयूकडे वेळेला बांधलेलं काम, सीयूकडे वरचं), त्यामागे कोअर. आरयू आणि डीयूच्या मधली तोड, म्हणजे कामाची वाटणी, ७.२एक्स नावाने ओळखली जाते.

ही तोड नेमकी तिथेच का, हे समजून घेण्यासारखं आहे. १०० मेगाहर्ट्झ आणि चार अँटेना घ्या. कच्चे सॅम्पल तसेच फायबरवर पाठवले तर १५ गिगाबिटच्या वर जातं. एफएफटी (सिग्नल छोट्या फ्रिक्वेन्सींत, म्हणजे सबकॅरियरमध्ये, फोडायचं गणित) आरयूमध्येच करून, फक्त कामाचे सबकॅरियर थोडे दाबून पाठवले तर साधारण साडेसहा गिगाबिट. म्हणजे १०जीच्या पोर्टवर, कुठल्याही कंपनीच्या स्विचवर बसतं. सगळा स्वस्त, बिनब्रँडचा खेळ या एका आकड्यावर उभा आहे.

इमारतीच्या आत लावायचे छोटे आरयू पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज) चालतात, पण साध्या नाही, ९० वॅटवाल्या. जुना कॅमेऱ्यांचा स्विच तिथे चालणार नाही.

सगळं बरोबर लावलं, तरी आरयू चालू होत नाही किंवा फोनला नेटवर्क दिसतं पण जोडला जात नाही. का?

दहात आठ वेळा घड्याळ. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

५जीच्या या पट्ट्यांत टीडीडी वापरतात, त्यामध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर पाठवणं आणि ऐकणं आलटून पालटून होतं. शेजारचे दोन रेडिओ वेगळ्या वेळी पाठवायला लागले की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात. म्हणून सगळ्यांची घड्याळं खऱ्या वेळेच्या दीड मायक्रोसेकंद इकडे-तिकडे असावी लागतात, आणि हे कॉम्प्युटरची वेळ जुळवणाऱ्या साध्या एनटीपीने होत नाही. आयईईई १५८८ म्हणजे पीटीपी लागतं: छतावर जीपीएस अँटेना, खाली ग्रँडमास्टर (सगळ्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ), आणि मधला प्रत्येक स्विच पीटीपी समजणारा. एक जरी साधा स्विच मधे आला तरी सकाळी ठीक आणि दुपारी ट्रॅफिक वाढला की आरयू अनलॉक, म्हणजे त्याचं घड्याळ सुटलं. लोक दोन आठवडे अँटेना बदलत बसतात, कारण रेडिओ बिघडला असंच वाटतं. लॉगमध्ये आधी पीटीपीचा ऑफसेट, म्हणजे घड्याळातला फरक, बघा, तो नॅनोसेकंदात असतो, उड्या मारत असेल तर बाकी काही बघू नका.

जीपीएस अँटेनाला उघडं आकाश लागतं, पत्र्याच्या शेडखाली लावून "दोन सॅटेलाइट दिसतायत" म्हणून भागत नाही. केबलला सर्ज अरेस्टर लावा. ग्रँडमास्टर घेताना जीपीएस गेल्यावर तो किती तास वेळ धरून ठेवतो हे विचारा, स्वस्तातला आणि महागातला यातला मुख्य फरक तोच असतो.

सर्व्हर कुठला घेऊ?

कोअरला काही लागत नाही, लहान मशीन पुरे. डीयूला लागतं. ३० किलोहर्ट्झच्या सबकॅरियर स्पेसिंगला एक स्लॉट, म्हणजे वेळेचा तुकडा, अर्धा मिलीसेकंदाचा, आणि प्रत्येकाचं डीकोडिंग ठरल्या वेळेत झालंच पाहिजे, उशीर म्हणजे फुकट. म्हणून रिअलटाइम कर्नल, सीपीयूचे कोर वेगळे काढून ठेवणं, बायोसमधले पॉवर सेव्हिंग बंद, हे सगळं आलं. आणि डीयू व्हर्च्युअल मशीनमध्ये बाकीच्या दहा सर्व्हरांबरोबर टाकू नका, आयटीवाले हमखास तसं सुचवतात.

सिम आणि फोनचं काय?

सिम कोरी मिळतात, त्यात ओळख पटवणाऱ्या गुप्त की, म्हणजे के आणि ओपीसी, तुम्ही घालायच्या आणि त्याच कोअरमध्ये टाकायच्या. नेटवर्क कोड म्हणून लॅबला ००१-०१, आणि खासगी वापरासाठी ९९९ हा देश कोड राखून ठेवलाय. फोनवाले त्रास देतात. बँड आहे पण स्टँडअलोन फक्त ठराविक ऑपरेटरांसाठीच उघडं, असे बरेच हँडसेट आहेत. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून आणि आयफोन १४ पासून पुढे खासगी स्टँडअलोन चालतं. घाऊक खरेदीच्या आधी एक-एक मॉडेल मागवून तपासा. कारखान्यात तसंही जास्त करून फोन नाही, एजीव्हीवर बसवलेला इंडस्ट्रियल राउटर असतो, आणि ते या बाबतीत फोनपेक्षा कमी नखरे करतात.

१ मिलीसेकंद लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) मिळते का?

नाही. सध्याच्या टीडीडी सेटिंगवर १०-१५ मिलीसेकंद धरून चला. ती स्थिर राहते हे महत्त्वाचं.

अपलोडचा हिशोब मात्र आधीच करा. पब्लिक नेटवर्क डाउनलोडसाठी बांधलेलं असतं, पाच स्लॉटमधले तीन-साडेतीन खाली येणारे आणि जेमतेम एक वर जाणारा. कारखान्यात उलटं, कॅमेरे वर ढकलत असतात, ४ मेगाबिटचे तीस कॅमेरे म्हणजे १२० मेगाबिट सतत. स्वतःचं स्पेक्ट्रम असतं तर पॅटर्न उलटा करून टाकला असता, पण लीजवर घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये शेजारी ऑपरेटरचंच पब्लिक नेटवर्क चालू असतं, त्यामुळे त्याच्याच पॅटर्नला आणि घड्याळाला चिकटून राहावं लागतं. लीजच्या बोलणीत हा मुद्दा पहिल्याच मीटिंगला काढा.

ओपन आहे म्हणजे असुरक्षित आहे का?

कोड उघडा असल्याने नाही, पण तुम्ही जसा आहे तसा ठेवलात तर हो. ओपन५जीएसच्या वेब पॅनलचा सुरुवातीचा पासवर्ड १४२३ आहे, हे जगाला माहीत आहे, तरी तसेच सोडलेले सेटअप सापडतात. आरयू-डीयूमधला फायबर ऑफिसच्या लॅनमध्ये मिसळू नका, वेगळा ठेवा, शक्य असेल तर मॅकसेक (लाइनवरच्या डेटाचं एन्क्रिप्शन) चालू करा. सिमच्या की असलेली एक्सेल फाइल मेलवर फिरवू नका, ती फाइल ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे नेटवर्क गेलं.

पैसे खरंच वाचतात का?

डब्यांवर वाचतात. माणसांवर जातात. मोठ्या कंपनीचं एका खोक्यातलं सोल्यूशन घेतलं की चालवायची जबाबदारी त्यांची. इथे आरयू एकाचा, सर्व्हर दुसऱ्याचा, डीयू तिसऱ्याचा, स्विच चौथ्याचा, आणि रात्री दोनला थर्ड शिफ्टमध्ये लाइन थांबली की चौघंही सांगणार की आमच्याकडून सगळं ओके आहे. एकत्र जोडून देणारा, सगळ्यांच्या वतीने फोन उचलणारा कोणीतरी पाहिजे. असा माणूस घरात असेल किंवा तयार करायची तयारी असेल तर ओपन घ्या, एका प्लांटवर शिकून पुढच्या चार प्लांटला तेच लावता येतं आणि तिथे पैसे सुटतात. एकच प्लांट, एकच शेड, आयटीत दोन माणसं, तर ऑपरेटरला सांगा आणि मोकळे व्हा. चाकणला महिंद्राच्या प्लांटमध्ये २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्राने तसंच ५जी उभं केलं होतं.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, मग लायसन्स का वाचायचं?

ओपन५जीएस एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सवर आहे, एसआरएसरानही त्याच लायसन्सवर आलं. आहे तसं वापरलं तर काही नाही. कोड बदलून त्यावर दुसऱ्यांना सेवा दिली तर बदललेला कोडही त्यांना द्यावा लागतो. प्रॉडक्ट बनवून विकायचा विचार असेल तर वकिलाला दाखवा, कमर्शियल लायसन्सही मिळतं.

देशी आरयू मिळतात का?

मिळतात. व्हीव्हीडीएन, एचएफसीएल, लेखा वायरलेस ही नावं बघा. टेलिकॉमच्या १२,१९५ कोटींच्या पीएलआय योजनेनंतर (देशात उत्पादन केल्यावर मिळणारं सरकारी प्रोत्साहन) बनवणारे वाढलेत. घेताना दोन गोष्टी लेखी मागा: टीईसी या दूरसंचार विभागाच्या तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट, आणि तुम्ही निवडलेल्या डीयूबरोबर तोच आरयू, त्याच फर्मवेअरवर चालल्याचा टेस्ट रिपोर्ट. "ओ-रान कम्प्लायंट आहे" या वाक्यावर चेक फाडू नका, स्टँडर्डमध्ये ऐच्छिक गोष्टी इतक्या आहेत की दोन कम्प्लायंट डबे एकमेकांशी अजिबात न बोलणं सर्रास होतं.

आरयू बाहेर यार्डात लावायचाय, पावसाचं काय?

आयपी६५ किंवा त्याच्या वरचा घ्या, पण पाणी डब्यातून कमी आणि कनेक्टरमधून जास्त शिरतं. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप खालून वर गुंडाळत न्या, त्यावर यूव्ही टेप, आणि केबलला खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. अर्थिंग वेगळं, जुन्या पोलच्या गंजलेल्या बोल्टला नाही. कोकणात लावणार असाल तर क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या आणि हे सगळं मे महिन्यात उरकून टाका.